विश्वास कसा बसला आणि हात कुणावर उठला

१ जुलै २०१८. रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाच्या गावात भिक्षेसाठी आलेल्या पाच जणांना लोकांनी घेरलं. त्यांच्यापैकी कुणीतरी एका लहान मुलीशी बोलत होतं, एवढं निमित्त पुरलं. ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे’ हा मजकूर आणि त्याबरोबरचे व्हिडिओ त्या भागात आधीपासूनच मोबाइलवर फिरत होते. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि मरेपर्यंत मारलं. ही माणसं नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती, बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातली. नाथांची गाणी म्हणत गावोगाव फिरायचं आणि पीठमीठ मागायचं, हा या समाजाचा पिढीजात व्यवसाय.

त्या आठवड्यात दोन स्पष्टीकरणं जिथे तिथे ऐकू आली. एक, ‘व्हॉट्सॲपनं घात केला.’ दुसरं, ‘जमावाला डोकं नसतं.’ चहाच्या टपरीपासून वाहिनीवरच्या चर्चेपर्यंत हीच दोन वाक्यं आलटून पालटून. ती कुणी मानसशास्त्र म्हणून बोलत नव्हतं, पण दोन्हींच्या मागे मानसशास्त्रातली एकेक जाडजूड परंपरा उभी आहे, आणि पुढे जे उपाय झाले तेही याच परंपरांच्या हिशेबानं झाले. माझं म्हणणं असं की यातलं दुसरं उत्तर चुकीचं आहे आणि पहिलं अर्धं. अर्धं अशासाठी, की अफवेवर विश्वास कसा बसला एवढंच ते सांगतं. हात कुणावर उठला याचा उलगडा करायला वेगळा सिद्धांत लागतो. तो उपलब्ध आहे. फक्त तो मान्य केला तर प्रकरण मोबाइल कंपनीवर ढकलून मोकळं होता येत नाही.

आधी चुकीच्या उत्तराचा निकाल लावू. जमाव म्हणजे डोकं नसलेलं जनावर, ही कल्पना लोकप्रिय केली गुस्ताव ल बाँ या फ्रेंच लेखकानं, १८९५ साली. गर्दीत शिरलेला माणूस आपलं भान हरवतो, भावना साथीसारखी पसरते, सुशिक्षित आणि अडाणी यांत फरक उरत नाही, असं त्याचं प्रतिपादन. ल बाँनं १८७१ चं पॅरिस कम्यून पाहिलं होतं. रस्त्यावर उतरलेल्या कामगारांची धास्ती घेतलेल्या वर्गाला हा सिद्धांत भलताच पटला, कारण त्यात गर्दीची मागणी काय होती हे विचारायची गरजच उरत नाही. आपल्या पोलिसांच्या कागदावर ‘अज्ञात जमाव’ असे शब्द येतात तेव्हा ल बाँच दप्तरात बसलेला असतो. जमाव अज्ञात, म्हणजे माणूस कुणीच नाही, म्हणजे जबाबदारीही कुणाची नाही.

या कल्पनेला धक्का दिला तो स्टीफन रायशर या ब्रिटिश अभ्यासकानं. २ एप्रिल १९८० ला ब्रिस्टल शहरातल्या सेंट पॉल्स वस्तीत पोलिसांनी एका कॅफेवर छापा घातला आणि दंगल उसळली. ल बाँच्या हिशेबानं जमावानं दिसेल त्यावर तुटून पडायला हवं होतं. रायशरनं लोकांशी बोलून, घटनाक्रम जुळवून दाखवलं की तसं झालं नाही. दगड पोलिसांवर आणि त्यांच्या गाड्यांवर पडत होते. घरांना हात लावला नव्हता, येणारे-जाणारे सुखरूप जात होते, आणि पोलीस वस्तीबाहेर गेल्यावर त्यांच्या मागे फारसं कुणी गेलं नाही. थोडक्यात, जमाव निवड करतो. ‘आपण कोण’ आणि ‘ते कोण’ याची एक समजूत जमावात शिरताना माणसं घरूनच घेऊन येतात, आणि त्या समजुतीनं ठरवलेल्या मर्यादेत वागतात.

राईनपाड्याला हे लावून पाहा. बाजारात शेकडो माणसं होती. अनोळखी तर बरेच असतील. आठवडे बाजारात बाहेरचे व्यापारी येतातच. जमाव त्यांच्यावर धावला नाही. पाच जण निवडले गेले. भान हरवलेली गर्दी निवडून बाजूला काढत नाही, एका ठिकाणी नेऊन कोंडत नाही.

जाता जाता बघ्यांविषयी. ‘लोक नुसते बघत उभे राहतात, व्हिडिओ काढतात’ हेही एक ठरलेलं वाक्य. न्यूयॉर्कमध्ये १९६४ साली एका तरुणीचा खून झाला आणि ३८ जणांनी तो नुसता पाहिला अशी बातमी गाजली. तिच्यावरून १९६८ मध्ये लाताने आणि डार्ली या दोघांनी प्रसिद्ध प्रयोग केले: साक्षीदार जितके जास्त, तितकी प्रत्येकाची जबाबदारी पातळ. पुढे कळलं की ती ३८ ची बातमीच फुगवलेली होती. अलीकडे ब्रिटन, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शहरांतली रस्त्यावरच्या भांडणांची २१९ सीसीटीव्ही चित्रणं तपासली, तर दहापैकी नऊ प्रसंगांत कुणी ना कुणी मध्ये पडलेलं दिसलं. तेव्हा मध्ये न पडणं हा काही निसर्गनियम नाही. कुणासाठी मध्ये पडलं जातं आणि कुणासाठी नाही, हा खरा प्रश्न आहे.

आता अर्धं उत्तर, आणि त्याला मी हलकं लेखणार नाही. डॅनिएल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात दाखवलं की शक्यतेचा अंदाज बांधताना माणूस हिशेब करत बसत नाही. उदाहरण किती चटकन आठवतं त्यावर तो शक्यता ठरवतो. मूल पळवण्याचा व्हिडिओ एकदा पाहिला की तो डोळ्यांसमोरून हलत नाही, आणि मग गावात मूल पळवलं जाण्याची शक्यता आहे त्यापेक्षा कितीतरी मोठी भासते. १९७७ मध्ये तीन अमेरिकी अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली: तेच विधान पुन्हा पुन्हा कानावर आलं की ते अधिक खरं वाटायला लागतं, मग ते खरं असो वा खोटं. एकच मजकूर भावकीच्या, शाळेच्या, मित्रांच्या अशा चार ग्रुपांवर आला की चार साक्षीदार मिळाल्यासारखं होतं, मूळ सांगणारा एकच असला तरी.

२०१८ साली देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एकाची कथा तर विलक्षण आहे. मोटरसायकलवरचे दोघे खेळणाऱ्या मुलाला उचलून पसार होतात, असं ते दृश्य. ते मुळात कराचीत, मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी बनवलेली एक छोटी फिल्म होती. तिच्या शेवटी तेच दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला. उरलेला तुकडा आसामपासून महाराष्ट्रापर्यंत ‘पुरावा’ म्हणून फिरला.

या परंपरेचा उपायही तिच्यासारखाच: माहितीचा ओघ कमी करा, माणसांना खरंखोटं पारखायला शिकवा. जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सॲपनं भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. चांगलं केलं. मात्र शिकवण्याचं काय होतं, याचा अनुभव संमिश्र आहे. सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात बिहारमध्ये घरोघरी जाऊन तासाभराचं प्रशिक्षण दिलं; खोट्या बातम्या कशा ओळखायच्या, मूळ छायाचित्र कसं शोधायचं, वगैरे. सरासरीत त्याचा काहीच परिणाम दिसला नाही. पक्षनिष्ठा जिथे मध्ये आली तिथे काही जणांची पारख उलट बिघडली. नंतर त्याच बिहारमध्ये तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना ग्रामीण ग्रंथालयांत काही आठवडे वर्ग घेऊन शिकवलं, तेव्हा मात्र फरक पडला, काही महिने टिकला, घरच्या मोठ्यांपर्यंतही थोडा झिरपला. मी यातून असं वाचतो की एकट्यादुकट्या डोक्यात माहिती ओतून फारसं साधत नाही; सोबतची मुलं, रोजची जागा, शिकवणारा ओळखीचा, असं काही जमून आलं तर साधतं. हे मत माझं, त्या संशोधकांच्या गळ्यात घालू नये.

अफवेच्या मानसशास्त्राचा विषय निघाला की एका भारतीय अभ्यासाचं नाव घ्यावंच लागतं, आणि आपल्याकडे ते फारसं कुणी घेत नाही. १५ जानेवारी १९३४ च्या दुपारी बिहार-नेपाळ सीमाभागात प्रचंड भूकंप झाला. मुंगेर, मुजफ्फरपूर अशी शहरं कोसळली, दहा हजारांच्या वर माणसं गेली. जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञानं त्यानंतरच्या दिवसांत लोकांमधल्या अफवा पद्धतशीर गोळा केल्या आणि १९३५ साली त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी ज्या अफवा टिपल्या त्या जिथे जमीन हादरली पण पडझड झाली नाही अशा भागातल्या. आणि त्या अफवा काय होत्या? पाटण्याला अमुक तारखेला मोठं वादळ येणार. चंद्रग्रहणाच्या दिवशी याहून मोठा धक्का बसणार. नेपाळच्या बाजूनं पुराचा लोंढा निघाला आहे. अमुक दिवशी प्रलय आहे.

वीसेक वर्षांनी अमेरिकेत लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञानं हे वाचलं आणि तो अडखळला. माणूस सुखाकडे झुकतो म्हणतात. मग वाचलेली माणसं स्वतःला आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का रचतील? त्याला सुचलेलं उत्तर असं. ही माणसं घाबरलेली होतीच, जमीन पायाखालून हललेली होती. पण आजूबाजूला पाहावं तर सगळं जागच्या जागी. भीती आहे आणि भीतीचं कारण दिसत नाही, ही अवस्था मनाला सहन होत नाही. म्हणून मन भीतीला साजेसं कारण तयार करतं. अफवा भीती पैदा करत नाही, आधीच असलेल्या भीतीला ती अधिकृत करते. दुर्गानंद सिन्हा यांनी १९५० मध्ये दार्जिलिंगला दरडी कोसळल्यावर केलेला अभ्यास त्याच्या मदतीला आला: तिथे विध्वंस डोळ्यांदेखत झाला होता, आणि तिथल्या लोकांमध्ये अशा ‘अजून मोठं संकट येणार’ छापाच्या अफवा आढळल्या नव्हत्या. भीतीला कारण समोर होतं. नवं शोधायची गरज नव्हती. १९५७ साली फेस्टिंजरनं मांडलेल्या विसंगतीच्या सिद्धांताचं, जो आज जगातल्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे, एक मूळ असं बिहारच्या चिखलात आहे.

(त्याच भूकंपाला महात्मा गांधींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटलं होतं आणि रवींद्रनाथांनी त्यावर जाहीर नापसंती नोंदवली होती. कारण हवंच, या ओढीतून मोठी माणसंही सुटत नाहीत.)

फेस्टिंजर मला कानेमनपेक्षा राईनपाड्याच्या अधिक जवळचा वाटतो. साक्री, नवापूर या पट्ट्यातली कितीतरी आदिवासी कुटुंबं ऊसतोडीसाठी दरवर्षी गुजरातेत जातात. पोरं कधी सोबत, कधी म्हाताऱ्यांजवळ मागे. मूल नजरेआड असणं हा तिथल्या आईबापांचा रोजचा घोर आहे, आणि काही झालं तर पोलीस ठाण्यात आपलं कुणी ऐकून घेईल ही खात्री नाही. अशा ठिकाणी ‘टोळी आली आहे’ हा मजकूर कोऱ्या पाटीवर पडत नाही. त्याला जागा तयार असते. तेव्हा मजकूर खोटा आहे एवढं सांगून भागत नाही. घोर तसाच राहतो आणि दुसरं कारण शोधतो.

पण इथेच हा सिद्धांतही थांबतो. भीतीला कारण हवं होतं, कबूल. ते कारण बिबट्या असू शकलं असतं, भूतबाधा असू शकली असती, गावातलाच कुणी दारुडा असू शकला असता. भिक्षेकरी कसा झाला?

हेन्री ताजफेल हा मानसशास्त्रज्ञ मूळचा पोलंडमधला ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढताना जर्मनांच्या कैदेत पडला, वाचला. घरी परतायला घरचं जवळजवळ कुणी उरलं नव्हतं. पुढे ब्रिस्टलमध्ये त्यानं शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला, जो १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. चौदा-पंधरा वर्षांची मुलं, एकमेकांना ओळखणारी. त्यांना पडद्यावर ठिपके दाखवून संख्या विचारली आणि सांगितलं की तुमच्यातले काही जास्त अंदाज करणारे आहेत, काही कमी. प्रत्यक्षात गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले होते. मग प्रत्येकाला एकट्याला बसवून दोन अनोळखी क्रमांकांमध्ये पैसे वाटायला दिले. एवढंच ठाऊक की हा आपल्या गटातला आणि तो त्या गटातला. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. त्यात नवल नाही. नवल याचं, की त्याच्या जोडीच्या दुसऱ्या प्रयोगात, चित्रांच्या आवडीवरून गट पाडल्याचं सांगितलं तेव्हा, दोन्ही गटांना मिळून जास्त पैसे मिळतील असा पर्याय समोर असतानाही अनेकांनी तो घेतला नाही. आपल्याला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण त्यांच्यापेक्षा जास्त मिळायला हवं, असा त्यांचा कौल होता. भांडण नव्हतं, जुनं वैर नव्हतं, ठिपक्या-चित्रांपलीकडे काही नव्हतं.

ल बाँला वाटे की समूहात माणूस स्वतःला विसरतो. ताजफेल म्हणतो, समूहातून माणसाला स्वतःची किंमत मिळते, म्हणून तो फरक राखतो. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि पुराव्याचं पारडं ताजफेलकडे झुकतं.

तरीही ताजफेलची मुलं समपातळीवर होती. आपल्याकडे तशी पातळी नाही. इथे मला परदेशी पुस्तकांपेक्षा डॉ. आंबेडकरांचं १९३६ चं, लाहोरला न झालेलं भाषण जास्त उपयोगी वाटतं. जाती म्हणजे नुसते वेगळे गट नव्हेत, त्या वरखाली रचलेल्या आहेत. प्रत्येकाच्या खाली कुणीतरी आहे, म्हणून ही रचना मोडायला सगळे एकत्र येत नाहीत, कारण काहीतरी गमावण्याची धास्ती प्रत्येकालाच आहे. समाजशास्त्र म्हणून आपण हे वाचतो, पण हा मनाविषयीचाही सिद्धांत आहे. राईनपाड्यात मारणारे काही सत्ताधारी वर्गातले नव्हते. तेही गावकुसाबाहेर ठेवलेलेच. ‘अडाणी आदिवासींनी केलं’ म्हणून शहरी माणसानं हात झटकले, ते म्हणूनच मला संतापजनक वाटलं. भटक्यांविषयीचा संशय आदिवासी पाड्यावर जन्मलेला नाही. तो कायद्यानं जन्माला घातलेला आहे.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. जमातच्या जमात जन्मतः गुन्हेगार ठरवायची, नोंद करायची, हजेरी लावायची, परवानगीशिवाय हलू द्यायचं नाही. पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड या लोकांची वसाहत होती. आजही तो भाग ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखला जातो. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती ‘विमुक्त’ झाल्या, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. भटक्या समाजांपैकी प्रत्येकाचं नाव त्या यादीत होतं असं नाही, पण संशय यादी बघून पसरत नाही. पाल टाकलेलं दिसलं की गावात चोरीची चर्चा सुरू होते, आणि चोरी झाली की पोलीस आधी पालावर जातात. कानेमनच्या भाषेत बोलायचं तर हे उदाहरण गावाला चटकन आठवतं. पण ते चटकन आठवावं अशी सोय शंभर वर्षं कुणी करून ठेवली, हे कानेमन सांगत नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, सगळीकडे जात घुसवायची खोड आहे यांना. पालघर आठवा. १६ एप्रिल २०२०, टाळेबंदीतली रात्र, गडचिंचले गाव. सुरतेला अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक, तिघंही जमावाच्या हातून मारले गेले. तिथेही मुलं पळवणाऱ्यांची, चोरांची अफवा होतीच. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात उत्तर प्रदेशातून आलेल्या, पंढरपूरकडे निघालेल्या चार साधूंनी एका मुलाला रस्ता विचारला आणि मार खाल्ला, ते वाचले. ज्या भगव्या वस्त्रापुढे गाव एरवी वाकतं तेच वस्त्र इथे उपयोगी पडलं नाही. हा आक्षेप खरा आहे, आणि त्यानं माझं म्हणणं थोडं दुरुस्त होतं. बळी नेहमी खालच्या पायरीवरचाच असेल असं नाही. तिन्ही ठिकाणी समान काय आहे? वाटेवरचा माणूस, आणि ‘हे आमच्याकडचे पाहुणे’ असं म्हणणारं गावात कुणी नाही. ‘आपले’ कोण याची रेषा प्रसंगानुसार सरकते. पण भटक्याच्या बाबतीत ती दर मुक्कामी त्याला बाहेरच ठेवते. साधूला एखाद्या रात्री, डवरी गोसाव्याला रोज.

पालघरनं आणखी एक गोष्ट उघडी केली. थॉमस पेटिग्रू या अभ्यासकानं १९७९ मध्ये मांडलं होतं की ‘त्यांच्या’तल्या कुणी वाईट केलं की आपण त्यांचा स्वभाव काढतो, ‘आपल्या’तल्या कुणी केलं की परिस्थिती. राईनपाड्याच्या वेळी जे लोक ‘अफवेचे बळी’ म्हणत होते त्यांतले अनेक पालघरच्या वेळी ‘कट’ म्हणू लागले, आणि काही जण नेमके उलट. अटक झालेल्यांत कोणत्या धर्माचे लोक नाहीत, हे गृहमंत्र्यांना जाहीर सांगावं लागलं. दोन घटनांची रचना इतकी सारखी असून स्पष्टीकरण बदललं, कारण स्पष्टीकरण देणाऱ्याची बाजू बदलली. परिस्थितीऐवजी स्वभावाला दोष देण्याची ही सवय मानवजातीची मूलभूत आहे, असं पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकं सांगत. जोन मिलरनं १९८४ साली म्हैसूर आणि शिकागोतल्या लोकांची तुलना केली तेव्हा म्हैसूरचे प्रौढ परिस्थितीचाच हवाला जास्त देताना दिसले. म्हणजे ही सवय अटळ नाही. आपल्याला दुसऱ्या पद्धतीनंही विचार करता येतो; सोयीचं असेल तिथे आपण तो करत नाही इतकंच.

आणि ‘उगाच कुणी मारत नाही, काहीतरी केलं असेल’? हे वाक्य मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञानं प्रयोगशाळेत पकडलंय. १९६६ च्या त्याच्या प्रयोगात विजेचे धक्के खाणारी स्त्री (नाटकच होतं ते) पाहणाऱ्यांना दिसत होती; तिला वाचवता येत नाही म्हटल्यावर पाहणारे तिलाच कमी लेखू लागले. जग न्यायानं चालतं हा विश्वास शाबूत ठेवायला बळी थोडा दोषी असावा लागतो.

उपायाचं बोलायचं तर गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये सांगितलेला ‘संपर्क’ पुढे येतो: माणसं एकमेकांत मिसळली की पूर्वग्रह ओसरतो. त्यानं अटीही घातल्या होत्या, आणि त्या आपण विसरतो. बरोबरीचा दर्जा हवा, समान उद्दिष्ट हवं. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञानं उत्तर प्रदेशच्या खेड्यांत १,२६१ तरुणांना घेऊन क्रिकेटच्या स्पर्धा भरवल्या. काही संघ एकाच जातगटाचे, काही मिश्र. एका संघात खेळलेल्यांची परजातीतली मैत्री वाढली. समोरासमोर प्रतिस्पर्धी म्हणून भेटलेल्यांत ती उलट घटली. गावाचा आणि डवरी गोसाव्याचा संपर्क तर शतकांचा आहे, पण तो देणाऱ्याचा आणि मागणाऱ्याचा. त्यातून ओळख होते, बरोबरी होत नाही. आता ती ओळखही विरत चालली आहे: पहाटे आलेला वासुदेव कुठला, हे सांगणारी पिढी संपत आली.

राहिला कायदा. १७ जुलै २०१८ ला, राईनपाड्यानंतर पंधरवड्यात, सर्वोच्च न्यायालयानं तहसीन पूनावाला खटल्यात झुंडबळींबाबत निर्देश दिले आणि संसदेला वेगळा गुन्हा ठरवण्याची शिफारस केली. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये तो आला. संहिता अमलात आली ती १ जुलै २०२४ ला, योगायोगानं राईनपाड्याच्या तारखेलाच. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात किंवा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून खून केला तर हे कलम लागतं. ‘कारणावरून’ हा शब्द आला की मानसशास्त्र कोर्टात आलं. उद्या अशाच प्रकरणात बचावाचा वकील म्हणणार, साहेब, यांनी जात विचारलीच नव्हती, पोरं पळवणारे समजून मारलं. फक्त कानेमनवर भिस्त ठेवली तर हा बचाव बिनतोड आहे. चूक झाली, घबराट होती, मोबाइल होता.

त्याला उत्तर द्यायची पद्धत समाजशास्त्रात आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६६ आठवडे खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे ४,८०८ अर्ज पाठवले. फरक फक्त नावांचा. दलित वाटणाऱ्या नावाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत साधारण दोन-तृतीयांश, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. त्या कंपन्यांतल्या कुणाला विचारलं असतं तर ‘आम्ही जात बघत नाही’ असंच उत्तर आलं असतं, आणि कदाचित ते प्रामाणिकही असतं. पूर्वग्रह कबुलीत सापडत नाही, तुलनेत सापडतो. तोच प्रश्न झुंडबळीच्या तपासातही विचारता येतो. त्या दिवशी त्या बाजारात आणखी कोण अनोळखी होतं? त्यांतलं कुणी मुलांशी बोललं का? लसीकरणाची नर्स, फोटो काढणारा पर्यटक, बांगड्या विकणारा? त्यांना कुणी अडवलं का, आणि अडवलं तर ओळखपत्र बघून सोडलं का? मारल्या गेलेल्यांनी ओळख सांगितली तेव्हा ती का चालली नाही?

खुनाला शिक्षा तशीही जन्मठेप किंवा फाशीच आहे, मग कोणतं उपकलम लावलं यानं काय बिघडतं, असं विचारलं जाईल. बिघडतं ते मोजणीत. देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या एनसीआरबी या सरकारी संस्थेनं २०१७ मध्ये झुंडबळींची आकडेवारी गोळा करून पाहिली होती. या गुन्ह्यांची व्याख्याच नसल्यानं ती भरवशाची नाही म्हणून पुढे ते काम थांबवल्याचं सरकारनं संसदेत सांगितलं. आता व्याख्या आहे. अफवेतून झालेले सगळे खून जर ‘गैरसमज’ म्हणून साध्या खुनाच्या कलमाखाली गेले, तर भटक्यांचे मृत्यू त्या रकान्यात कधीच दिसणार नाहीत. ‘तत्सम कारण’ या शब्दांत भटकेपण, पाल, भिक्षा हे बसतं की नाही, हे अजून वरच्या न्यायालयात ठरायचं आहे. ते ठरवायला समोर तसा पुरावा यावा लागेल, आणि तो गोळा करण्याची वेळ पहिल्या आठवड्यातलीच असते, बाजारात त्या दिवशी दुकान लावलेले बाकीचे अनोळखी आपापल्या गावी पांगण्याआधी.